कुत्रा हरवण्याआधी: बिल्ला, चिप, एअरटॅग की जीपीएस?

दिवाळीत शेजारी माळ लागली की एरवी शहाणा असलेला कुत्राही अर्ध्या उघड्या फाटकातून सुसाट सुटतो. त्या क्षणी त्याच्या अंगावर काय आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. दुकानात या चारही गोष्टी एकाच दमात सांगतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. घेण्याआधी एवढंच बघायचं, की कुत्रा कोण शोधणार: तुम्ही, की ज्याच्या दारात तो जाऊन बसेल तो माणूस?

तो माणूस, म्हणजे टपरीवाला किंवा पलीकडच्या सोसायटीचा वॉचमन, असेल तर बिल्ल्याला तोड नाही. दोन-तीनशे रुपयांत होतो, वाचायला ना यंत्र लागतं ना अ‍ॅप. त्यावर कुत्र्याचं नाव नसलं तरी चालेल, पण घरातल्या दोघांचे नंबर हवेत, कारण तुम्ही शोधायला बाहेर पडलात की तुमचाच फोन सारखा बिझी लागणार. अक्षरं कोरलेलीच घ्या. छापलेली पावसाळ्यात आणि खाजवण्यात पुसट होतात. लोंबता बिल्ला सहसा बारीक कडीपाशी दगा देतो. कडी फाकते आणि बिल्ला कुठेतरी झुडपात पडतो. पट्ट्यावरच सपाट बसवलेली पट्टी मला जास्त भरवशाची वाटते, शिवाय रात्रभर खुळखुळ नाही.

पण घाबरलेला कुत्रा मान मागे खेचून ढिल्या पट्ट्यातून निसटतो. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील इतपतच ढील ठेवावी. तरीही पट्टा गेलाच, तर उरते ती चिप. तांदळाच्या दाण्याएवढी, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवलेली. बॅटरी नाही, त्यामुळे संपण्याचा प्रश्न नाही. ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही, हे मात्र अनेकांना बसवून झाल्यावर कळतं. स्कॅनर अगदी जवळ धरला की १५ आकडी नंबर दिसतो, बस्स. तुमचं नाव आणि फोन त्या नंबरच्या नोंदणीत असतात, चिपमध्ये नाही. स्कॅनर सगळ्या दवाखान्यांत नसतो आणि टपरीवाल्याकडे तर नसतोच. उद्या कुणी ‘हा माझाच कुत्रा’ म्हणून अडून बसला, तर मात्र तुमच्या नावावर नोंदलेली चिप हा मोठा पुरावा.

स्वतः माग काढायचा, तर एअरटॅग की जीपीएस? एअरटॅग, म्हणजे वस्तू शोधायची अ‍ॅपलची छोटी चकती, तीन-साडेतीन हजारांत येतो, सेल वर्षभर चालतो, महिन्याचा खर्च नाही. पण तो ब्लूटूथवर चालतो. जवळून कुणाचं आयफोनसारखं अ‍ॅपलचं उपकरण गेलं, तरच ठिकाण कळतं. कोथरूड-बाणेरमध्ये ते होत राहतं. कोकणात आजोळी नेलेला कुत्रा आमराईत शिरला, तर नकाशावरचा ठिपका जागचा हलणार नाही. आणि हे उपकरण वस्तूंसाठी बनवलेलं आहे. घरात दुसरं चावरं पिल्लू असेल तर त्यातला बटन सेल पोटात जाण्याची भीती खरी आहे. असा सेल अन्ननलिका काही तासांत जाळतो.

जीपीएस ट्रॅकर उपग्रहावरून ठिकाण काढतो आणि आतल्या सिमवरून तुमच्या फोनवर पाठवतो. पळता कुत्रा दिसतो तो यातच. मात्र खर्च जास्त, सिमचं रिचार्ज वेगळं, दर काही दिवसांनी चार्जिंग, आणि सह्याद्रीच्या दरीत रेंज गेली की तोही मुका. पॉमेरियनच्या मानेला वजनही होतं. फार्महाऊस, मोठं आवार किंवा पळपुटा बीगल असेल तर पैसे वसूल. तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरला कशाला?

एकच घ्यायचं तर मी बिल्ला घेईन, दोन जमत असतील तर जोडीला चिप. ट्रॅकर त्यानंतर. परदेशी जाण्याचा बेत असेल तर क्रम बदलतो: युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर आधी चिप आणि मग रेबीजची लस, लस आधी दिली असेल तर ती धरत नाहीत, पुन्हा द्यावी लागते. आणि चिप आधीच बसवलेली असेल, तर तिच्या नोंदणीत तुमचा आजचा नंबर आहे का, हे आजच बघून घ्या.