कुकिंग रेंज मस्त आहे पण ओव्हनच्या दाराच्या लॅचने, म्हणजे कुलपाने, आठवडाभर रडवलं, सहा वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

रेंज घेऊन सहा वर्षं झाली. वर चार बर्नर, खाली सेल्फ क्लीनवाला इलेक्ट्रिक ओव्हन. आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे, ओव्हन पटकन तापतो, आतलं तापमान सगळीकडे सारखं राहतं, बर्नर अजून नव्यासारखे पेटतात आणि नॉब एकही ढिला झालेला नाही. इतकी वर्षं मी ज्याला त्याला हीच घ्या म्हणून सांगत आले. आणि मग गेल्या महिन्यात सेल्फ क्लीन लावलं, तीन तासांची सायकल पूर्ण झाली, पण ओव्हन थंडगार झाला तरी दार उघडेना. सकाळी पण तेच, डिस्प्लेवर कुलपाचं चिन्ह आणि एक एरर कोड, आणि सारखं बीप बीप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेल्फ क्लीनमध्ये ओव्हन साधारण 470 ते 480 अंश सेल्सिअसपर्यंत जातो, आतलं सगळं तेलकट जळून राख होते, म्हणून तेवढा वेळ दार लॉक राहणं गरजेचंच आहे. ते लॉक एक छोटीशी मोटर करते. मोटर एक कॅम (उंचवटा असलेली चकती) फिरवते, कॅम दांडीला ढकलतो, दांडीच्या टोकाचा आकडा दाराच्या खाचेत अडकतो आणि कॅमच्या शेजारचा मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारा छोटासा स्विच) कंट्रोल बोर्डाला, म्हणजे ओव्हन चालवणाऱ्या सर्किटला, कळवतो की लागलं किंवा सुटलं. बोर्डाला डोळे नाहीत, त्याला फक्त स्विच जे सांगेल तेच कळतं! मोटर फिरवूनही ठरलेल्या वेळात स्विच बदलला नाही की बोर्ड कोड दाखवून सगळंच बंद करतो, मग साधं बेकिंग पण नाही, खरं तर बेकिंगला लॉक लागतच नाही. माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. वर्षातून दोनदा लागणाऱ्या सोयीचा एक बोटभर स्विच बिघडला म्हणून आख्खा ओव्हन अडून बसतो.

कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला तर त्यांनी कोड ऐकला आणि लगेच म्हणाले कंट्रोल बोर्ड गेलाय, बदलावा लागेल. न बघता! मला ते पटलं नाही कारण मेन स्विच पाच मिनिटं बंद ठेवून परत चालू केला तेव्हा मागून मोटर घर्र करून थोडी फिरली, थांबली आणि मग कोड आला. भावाला फोन लावला, तो वायरिंगची कामं करतो, तो म्हणाला, "ताई, मोटर फिरतीये म्हणजे बोर्ड तिला करंट देतोय, मोटर पण जिवंत आहे, मग बोर्ड कशाला बदलायचा, आधी स्विच बघ, आणि दाराला हिसके अजिबात देऊ नकोस." हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं आहे. स्क्रू ड्रायव्हर घालून दार उचकटायला गेलात तर आतली काच तडकू शकते, बिजागरी वाकू शकते, आणि मग मूळ दुरुस्तीपेक्षा तेच काम मोठं होऊन बसतं.

अजून एक, दार उघडत नाही म्हणजे लॅच बिघडलाय असं लगेच धरू नका. ओव्हन साधारण 260 अंशांच्या खाली आल्याशिवाय लॉक सुटतच नाही, त्याला सायकल संपल्यावर तास दीड तास सहज लागतो. आणि आतला तापमानाचा सेन्सर खराब असेल तर ओव्हन थंड असूनही बोर्डाला तो तापलेलाच वाटतो आणि तो दार सोडत नाही. म्हणून मल्टीमीटरने सेन्सरचा रोध (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये) पण मोजायचा. पुष्कळ रेंजमध्ये घरातल्या तापमानाला तो साधारण 1080 ते 1100 ओहम दाखवतो. माझा 1090 च्या आसपास होता, म्हणजे सेन्सर ठीक.

आता एक गोष्ट जी मला सहा वर्षांत कुणी सांगितली नव्हती. खालचा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला तर आत प्लॅस्टिकच्या पाकिटात घडी घातलेला एक कागद मिळाला, त्यावर या मॉडेलचा आख्खा वायरिंग डायग्राम, कुठल्या दोन पिनांमध्ये किती रीडिंग यायला हवं ते, आणि प्रत्येक कोडचा अर्थ. काही रेंजमध्ये हा मागच्या पॅनलच्या आत असतो. या कागदासाठी कंपनीला पूर्ण मार्क. मॉडेल नंबरची पट्टी पण ड्रॉवरच्या चौकटीवरच होती, बरं झालं, दाराच्या आत असती तर दार बंद असताना वाचली कशी असती.

मेन बंद केला, नुसतं ओव्हनचं बटन नाही, मेन. रेंज दोघांनी मिळून पुढे ओढली, भिंतीजवळ मागच्या पायाला धरणारा अँटी टिप ब्रॅकेट (रेंज पुढे कलंडू नये म्हणून) असतो त्यातून पाय सरळ सोडवून. तुमची रेंज गॅसची असेल तर आधी गॅसचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पाइपला ताण देऊ नका. मागचं पॅनल काढलं की वरच्या बाजूला लॅचची मोटर दिसते. तारा काढायच्या आधी फोटो काढले, खूप उपयोग झाला. मोटरचे दोन स्क्रू काढल्यावर दांडी मोकळी झाली, हाताने हळूच सरकवली आणि पुढे टक् आवाज येऊन दार उघडलं. त्या आवाजाने जो जीव भांड्यात पडला!

मग मल्टीमीटर. मोटरच्या वाइंडिंगचं (आतल्या तारेच्या गुंडाळीचं) रीडिंग कागदावर दिलं होतं तेवढंच आलं, तुटलेली असती तर काहीच आलं नसतं. स्विचच्या दोन्ही तारा काढून तो बोटाने दाबला तर कधी शून्य ओहम (म्हणजे जोड लागलेला), कधी काहीच नाही, सोडून परत दाबला की परत वेगळं. चोर इथे होता. दाबल्यावर दर वेळी शून्याच्या जवळ आणि सोडल्यावर पूर्ण ओपन, म्हणजे जोड सुटलेला (किंवा स्विचच्या प्रकाराप्रमाणे बरोबर उलटं) असं यायला हवं, मधलं काही चालत नाही. स्विचचा जोड पण उष्णतेने पिवळा पडून ठिसूळ झालेला होता.

पण स्विच का बिघडला हा प्रश्न राहतोच ना, म्हणून भाऊ आल्यावर त्याने दाराची खाच बॅटरी लावून बघितली तर खाचेच्या एका कडेला घासल्याची चकचकीत रेघ. म्हणजे आकडा मधोमध न जाता कडेला घासत होता, कारण दार एका बाजूने थोडंसं खाली आलं होतं. कागदाची पट्टी गॅस्केट (ओव्हनच्या तोंडाभोवतीची सील) आणि दाराच्या मध्ये धरून दार लावलं आणि ओढून बघितली, डावीकडे घट्ट, उजवीकडे सहज निघून आली. उजव्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले होते. आकडा घासायचा, कॅम पूर्ण फिरायच्या आधीच अडायचा, आणि स्विच दर वेळी अर्धवट दाबला जायचा, असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे. बिजागरी न बघता मी नुसता नवा पार्ट टाकला असता तर तोही असाच गेला असता.

पार्टच्या बाबतीत मात्र कंपनीवर मी खरंच नाराज आहे. स्विच सुटा मिळत नाही, मोटर, कॅम, दांडी, स्विच असा आख्खा लॅच सेटच घ्यावा लागतो, म्हणजे चांगली चालणारी मोटर टाकून द्यायची. हे बरोबर नाही. बसवायला अर्धा तास लागला, कठीण काहीच नव्हतं. आणि कुणी सांगितलं की स्विचच्या दोन तारा जोडून टाका, कोड जाईल, तर ऐकू नका. दार लागलं की नाही हे मग बोर्डाला कधीच खरं कळणार नाही आणि साडेचारशे अंशांवर दार उघडलं गेलं तर चेहरा भाजेल.

चार स्टार देणार होते, तीन देतेय. ओव्हन म्हणून पूर्ण समाधान, कागदासाठी कौतुक, पण सुटा स्विच नाही आणि सर्व्हिसवाले न बघता सगळ्यात महागडा पार्ट सांगतात याचा एक स्टार गेलाच. ज्यांच्याकडे अशी रेंज आहे त्यांनी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सेल्फ क्लीन लावू नका, दार अडकलं तर ऐनवेळी काही करता येत नाही. आणि दार तिरकं वाटलं तर आधी बिजागरीचे स्क्रू बघा.

नवा लॅच बसवल्यावर पाच वेळा तपासलं, क्लीन सुरू करायचं, लॉक झालं की तापायच्या आत कॅन्सल, मग दार सुटतंय का बघायचं. पाचही वेळा सुटलं. मागच्या रविवारी पूर्ण सायकल लावली आणि मी स्वयंपाकघरातच बसून राहिले, सायकल संपल्यावर एक तास वीस मिनिटांनी मोटर घर्र झाली, टक् आवाज आला आणि कुलपाचं चिन्ह गेलं.