चावऱ्या कुत्र्याची थायरॉईड तपासणी: कोणती घ्यावी, कोणती सोडावी

कुत्रा गुरगुरायला लागला की हल्ली डॉक्टरांच्या आधी शेजारीच सांगतात, "थायरॉईड तपासा." लॅबमध्ये मिळतं ते दोन प्रकारचं: नुसती टी-फोरची (थायरॉईड ग्रंथीच्या मुख्य हार्मोनची) स्वस्त टेस्ट, नाहीतर टी-फोर, फ्री टी-फोर (रक्तात मोकळा असलेला टी-फोर), टीएसएच (ग्रंथीला कामाला लावणारं मेंदूकडचं हार्मोन) आणि थायरोग्लोब्युलिन अँटिबॉडी (शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करत असल्याची खूण) असं पूर्ण पॅनेल.

स्वस्त टेस्ट वाईट नाही. आकडा डेसिलिटरमागे साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅमच्या मध्ये आला, तर थायरॉईड कमी पडत असल्याचा संशय बहुतेक मिटतो. कमी आला म्हणजे मात्र आजार ठरला असं नाही. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), फिनोबार्बिटल (फिट्सचं औषध), सल्फाची औषधं किंवा दुसरंच दुखणं, कशानेही टी-फोर खाली येतो. ग्रेहाउंडमध्ये तर तो मुळातच कमी.

खरी फसगत माणसांच्या लॅबमध्ये होते. रिपोर्टवर २.१ पुढे 'लो' छापलेलं असतं, कारण शेजारची रेंज माणसाची. कुत्र्याला २.१ अगदी ठीक! टीएसएचचं तर विचारूच नका. माणसाच्या किटवर कुत्र्याचं टीएसएच धड मोजलंच जात नाही. 'कॅनाइन टीएसएच'च करणार ना, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. फ्री टी-फोर डायलिसिस पद्धतीचा (पडद्यातून गाळून मोजलेला) मिळाला तर उत्तम.

पूर्ण पॅनेलचे पैसे वसूल होतात ते अंगावर खुणा असतील तर: खाणं तेवढंच असून वाढलेलं वजन, दोन्ही कुशींवरचे केस गेलेले, शेपटी उंदरासारखी, सतत उबेला पडून राहणं. दीड वर्षाचा धडधाकट कुत्रा नुसताच चावत असेल, तर आधी कान, दात, सांधे बघा. "बॉर्डरलाइन आहे, गोळी देऊन बघू" हा सल्ला तर आम्हाला अजिबात पटत नाही. मालकावर धावून जाणाऱ्या, थायरॉईड काठावर असलेल्या २९ कुत्र्यांवरच्या २०१३ च्या चाचणीत सहा आठवड्यांनी खरी गोळी आणि खोटी गोळी यांत ठोस फरक दिसला नाही.

आजार पक्का झाला तर लेव्होथायरॉक्सिन (टी-फोरचीच गोळी), सहसा किलोमागे २० मायक्रोग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे २० किलोच्या लॅब्रेडॉरला एका वेळी ४००. माणसाच्या मानाने डोस मोठा म्हणून केमिस्ट चिठ्ठी दोनदा वाचतो, पण ती चूक नसते. कुत्र्यांच्या शरीरातून हे औषध लवकर निघून जातं. चार ते आठ आठवड्यांनी, गोळीनंतर ४ ते ६ तासांनी रक्त द्यायचं. धाप, तहान, अस्वस्थपणा वाढला तर डोस जास्त झालाय. आणि रक्त देण्याआधीच गोळी सुरू केली असेल, तर पॅनेलवर खर्च करू नका, त्यातून निदान होत नाही.