मिरजेच्या मिशन संस्थेचं पूरपट्ट्यातलं काम : वह्या तपासून दिलेला अभिप्राय

सांगलीत पुरानंतर मदत करणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रातून ट्रक आले. साड्या आल्या, बिस्किटं आली, पाण्याच्या बाटल्या आल्या. जुन्या कपड्यांचे तर ढीग आले आणि त्यातले कितीतरी रस्त्याच्या कडेलाच कुजले. पाणी ओसरलं, ट्रक गेले, आणि ज्यांची शिलाई मशीन गाळात गेली होती त्या बायका सावकाराच्या दारात उभ्या राहिल्या. म्हणून पुराच्या आठवड्यात कोणी किती वाटलं, यावरून मी कुठल्याच संस्थेची पारख करत नाही. दिवाळीपासून वळवाच्या पावसापर्यंत ती काय करते ते बघते. या संस्थेचं ते काम मी जवळून पाहिलं आहे आणि मला ते मोलाचं वाटतं.

संस्था मिरजेतल्या एका चर्चच्या मंडळींनी उभी केलेली. नाव देत नाही, कारण पुढे बायकांच्या कर्जाबद्दल आणि घरच्या अडचणींबद्दल लिहायचं आहे, आणि सांगली तशी लहान आहे. नदीकाठच्या वस्तीत गटांचं काम बघणाऱ्या ‘मिशनच्या ताई’ म्हटलं की कोणीही घर दाखवतं. मी त्या चर्चची नाही, संस्थेकडून एक पैसा घेत नाही. नोकरी सहकारी बँकेत, कर्जविभागात झाली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटात राहतात. त्यांनी एकदा या संस्थेच्या बचतगटाची वही पुढे केली, “काकू, बेरीज बरोबर हाय का बघा की.” तेव्हापासून आसपासच्या काही गटांच्या वह्या माझ्याकडे येतात.

आधी बचतगटाबद्दल, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब ही पंचसूत्री सरकारी ‘उमेद’च्या गटांनाही आहे, त्यात नवीन काही नाही. बचत महिन्याला शंभर रुपये, कर्जावर व्याज महिन्याला शेकडा दोन. हे ऐकून काही जण मला म्हणाले, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के झाले की, बँकेपेक्षा महाग! त्यांना मी आकडे मांडून दाखवते. दहा हजारांचं कर्ज दहा महिन्यांत फेडायचं. पूर्ण मुद्दलावर शेवटपर्यंत व्याज लावलं तर दोन हजार होतं. हे गट घटत्या बाकीवर लावतात, ते होतं अकराशे. आणि हे अकराशे कुठल्या कंपनीच्या नफ्यात जात नाहीत, त्याच बायकांच्या गटनिधीत जमा होतात. वस्तीतला सावकार शेकडा दहा घेतो. तिथे दहा हजारांवर महिन्याला हजार रुपये नुसतं व्याज, मुद्दल आहे तिथेच. विनापरवाना सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे, पण रात्री अकराला पोराला ताप चढला तर कायदा पैसे आणून देत नाही. गट देतो. अध्यक्ष आणि सचिव दोघींनी होकार दिला की दोन हजारांपर्यंत लगेच मिळतात, ठराव पुढच्या बैठकीत होतो.

घटत्या बाकीवर व्याज कसं काढायचं हे ताईंनी बायकांना स्वतः करायला शिकवलं आहे. सातवी शिकलेली सचिव फळ्यावर मांडून दाखवते. माझ्या लेखी ही फार मोठी गोष्ट आहे. आमच्या शाखेत पदवीधर कर्जदारांना आपला हप्ता कसा बसतो हे सांगता येत नसे.

शिवाय एक पूरपेटी आहे. प्रत्येकीने महिन्याला वीस रुपये वेगळे टाकायचे आणि ते कर्जाला द्यायचे नाहीत. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरांत. बँकेच्या तिजोरीची एक किल्ली कॅशियरकडे आणि दुसरी अधिकाऱ्याकडे असते, तोच हा विचार, आणि तो पूरपट्ट्यात इतक्या शिस्तीने पाळला जाताना बघून मला मनापासून बरं वाटलं. पेटी उघडायची ती पाणी खुणेला लागल्यावरच.

आता ही खूण. आयर्विन पुलाची इशारापातळी ४० फूट, धोकापातळी ४५. टीव्हीवर हेच आकडे येतात. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर या सखल भागांत पाणी त्याच्या बरंच आधी शिरायला लागतं. ‘इशारापातळी गाठली’ अशी बातमी येते तेव्हा तिथल्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या असतात. संस्थेने वस्तीतल्या जुन्या माणसांना बरोबर घेऊन गल्लीगल्लीत फिरून विचारलं, पुलावर किती फूट असताना तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं? आणि ते आकडे रंगाने विजेच्या खांबांवर लिहिले. आता मावशींना पुलाचा आकडा कळला की आपल्या दाराशी पाणी यायला किती अवकाश आहे ते कळतं. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीत पोचायला साधारण दिवस लागतो. विसर्गाची बातमी आली की तेवढा वेळ हाताशी असतो, तो कसा वापरायचा हे आधी ठरलेलं असलं म्हणजे झालं.

ते ठरलेलं आहे. चर्चची एक जागा उंचावर आहे, तिथला हॉल जूनपासून रिकामा ठेवतात. हातगाड्या कोणाच्या, आधी कोणाचं सामान हलवायचं, याची यादी मे महिन्यातच तयार होते. बाळंतीण, म्हातारी माणसं आणि एकट्या बाया पहिल्या, मग रोजगाराची साधनं, म्हणजे मशीन, मिक्सर, पापडाचं यंत्र, हळदीच्या गोदामातून घरी आणलेली कामाची पोती. टीव्ही आणि कपाट शेवटी. यावर गटात भांडणं झाली, आणि ती मे महिन्यात झाली हे फार चांगलं झालं. २०२४ च्या जुलैत पाणी इशारापातळीच्या आसपास आलं, तेव्हा ही यादी वापरली गेली. मावशी दोन दिवसांनी कामावर आल्या त्या हेच सांगत, “मशीन वाचली काकू आवंदा. पोरीच्या फीचं बघायला नको आता.” त्यांची मुलगी त्या मशीनवर ब्लाउज शिवते.

कागदपत्रांचं काम दिसायला किरकोळ, पण मी त्याला सगळ्यात जास्त गुण देईन. २०१९ मध्ये पाण्यात गेलेल्या शहरी घरांना सरकारने १५ हजारांचं सानुग्रह अनुदान जाहीर केलं. ज्यांचं रेशनकार्ड भिजून लगदा झालं, बँकखातं बंद पडलेलं होतं, त्यांचे हेलपाटे संपता संपेनात. आता प्रत्येक घरात एक जाड प्लास्टिकची चेनची पिशवी असते, त्यात आधार, रेशनकार्ड, पासबुक, घरपट्टीची पावती. त्याचे फोटो डिजिलॉकरमध्ये आणि मुलीच्या फोनमध्ये. शिवाय दर मे महिन्याच्या बैठकीत ताई एकच प्रश्न विचारतात, खात्यात साडेचारशे-पाचशे शिल्लक आहेत का? कारण पंतप्रधान जीवनज्योती या आयुर्विम्याचे ४३६ आणि पंतप्रधान सुरक्षा या अपघात विम्याचे २० रुपये त्याच सुमारास खात्यातून कापले जातात. शिल्लक नसली की विमा गेला, आणि ते कळतं माणूस गेल्यावर. बुडून झालेला मृत्यू अपघातात धरला जातो, वीस रुपयांत दोन लाखांचं संरक्षण आहे. नदीकाठच्या माणसाला याहून स्वस्त आणि याहून गरजेचं काही नाही. आमच्या बँकेच्या काउंटरवर ही गोष्ट कितीजणींना नीट समजावून सांगितली गेली असेल, याची मला शंकाच आहे.

मिरज म्हटलं की दवाखाने आणि नर्सेस आल्याच. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं रुग्णालय उघडलं, तेव्हापासून नर्सिंग हा इथल्या ख्रिस्ती घरांतला पिढ्यांचा व्यवसाय आहे. मंडळीतल्या एक निवृत्त सिस्टर जून लागला की वस्त्यांत फिरतात. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, हे जुलाबावरचं पाणी त्या प्रत्येकीकडून करवून घेतात आणि चाखून बघतात. मीठ जास्त झालं तर ओतून पुन्हा करायला लावतात. पायाला जखम असेल तर पुराच्या पाण्यात उतरू नका, उतरलात आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारा ताप, असू शकतो, हे त्या दरडावून सांगतात. बायका त्यांना घाबरतात आणि त्यांच्यावर जीवही टाकतात.

आता ज्या प्रश्नासाठी बरेचजण हा अभिप्राय वाचतील तो. धर्म बदलायला सांगतात का? मी हे ताई नसताना विचारलं, वेगवेगळ्या गटांत विचारलं. गटांत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती सगळ्या बायका आहेत. कोणालाही प्रार्थनेला या म्हटलेलं नाही, कर्जासाठी कोणाचा धर्म विचारलेला नाही. संस्थेच्या कार्यालयात त्यांचे लोक सकाळी काम सुरू करताना प्रार्थना करतात. ती त्यांची आहे, दार उघडं ठेवून करतात. नाताळला गटांना केक येतो, तसं दिवाळीत बायका ताईंकडे फराळ पाठवतात. आपत्तीत काम करणाऱ्या संस्थांसाठी १९९४ मध्ये दहा कलमांची एक आचारसंहिता ठरली. मदत गरज पाहून द्यायची, जात-धर्म-देश पाहून नाही, आणि कुठल्याही राजकीय वा धार्मिक मताच्या प्रसारासाठी ती वापरायची नाही, ही त्यातली दोन कलमं. ती घडवणाऱ्यांत रेडक्रॉसबरोबर कॅरिटास आणि जागतिक चर्च परिषदही होती. त्या दहा कलमांचा मराठी तक्ता या कार्यालयाच्या भिंतीवर आहे. मी वह्या तपासणारी बाई, भिंतीवरच्या कागदावर विश्वास ठेवत नाही. पण कर्जाचं रजिस्टर नावानिशी बघितलं, आणि मंजुरीत मला कुठेही डावं-उजवं दिसलं नाही.

एकदा त्यांच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी, म्हणजे धर्मगुरूंशी, बोलले. हे सगळं कशासाठी, असं सरळ विचारलं. ते म्हणाले, “शेजारी पाण्यात असताना आम्ही कोरड्यात उपासना करायची, हे आम्हाला जमणार नाही.” हा माणूस मनापासून बोलतो आहे हे मला कळलं आणि मी पुढचे प्रश्न विचारलेच नाहीत.

पैशाचं म्हणाल तर तो पूर्वीपेक्षा कमी आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थांना तो पुढे लहान संस्थांना देण्याची बंदी आली. यांना एका मोठ्या संस्थेकडून मिळणारी रक्कम त्यात थांबली. पगारी माणसं घटली. आता मंडळीचं दान, उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या उपासनेतली वर्गणी आणि गावातल्या काही व्यापाऱ्यांची मदत यावर चालतं. ओढाताण दिसते, तरी वर्षाचा जमाखर्च ते फलकावर लावतात आणि पावती दहा रुपयांचीही देतात.

उणिवा आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत. पहिली, काही गटांच्या वह्यांत नोंदी पेन्सिलीने असायच्या. खोडता येणारी नोंद म्हणजे उद्याचं भांडण. आता पेनाने लिहितात, चूक झाली तर आडवी रेघ आणि सही. दुसरी, सगळा भार एका ताईंवर आहे. त्यांना टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर अनेक गटांच्या बैठका झाल्या नाहीत, आणि थकलेले हप्ते सुरळीत व्हायला पुढे बरेच दिवस गेले. दुसरी कार्यकर्ती तयार करायलाच हवी, पैसे नसले तरी, गटातल्याच एखादीला मानधन देऊन. बैठका सकाळी अकराला ठेवायचे, त्या वेळी हळदीच्या गोदामात आणि घरकामाला जाणाऱ्या बायका येणार कशा? त्या आता संध्याकाळी सातला होतात, हे बरं झालं.

पुरुषांसाठी काहीच नाही. रिक्षावाले आणि मार्केट यार्डातले हमाल हेच पुरात ओझी उचलतात, आणि सावकाराचं निम्मं कर्ज त्यांच्याच नावावर असतं. त्यांना वगळून घर सावरणं कठीण आहे.

सगळ्यात मला खटकते ती भाडेकरूंची गोष्ट. सर्वात सखल खोल्यांत भाडेकरू राहतात, कारण तिथे भाडं कमी. अकरा महिन्यांनी घर बदलतात म्हणून गट त्यांना सभासद करून घ्यायला कचरतो. कर्जाची भीती मला समजते, बँकही हाच विचार करते. पण कर्ज नका देऊ, पूरपेटीत आणि हातगाडीच्या यादीत तरी घ्या. कागदांची पिशवी द्यायला तर सभासदत्वाची गरजच नाही. हा विषय ताईंनी सगळ्या गटांच्या पुढच्या मे महिन्यातल्या एकत्र बैठकीसाठी घेतला आहे, आणि मी तिथे बोलणार आहे.

मदत करायची असेल तर जुने कपडे नेऊ नका, ते घेत नाहीत. ताडपत्री, चार्जिंगचे दिवे, हातगाडीची चाकं आणि टायर, चेनच्या जाड पिशव्या लागतात. रोख देणार असाल तर पावती मागून घ्या. जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी सातच्या बैठकीला जा, आणि सचिवबाईंना वही दाखवायला सांगा. दाखवतील.