जुनी वॅगन-आर (२०१९ ते २०२१): बॉनेटच्या आधी डिकी उघडा

सेकंडहँड बाजारात वॅगन-आरला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. त्यामुळे विकणारा भावात फारसा खाली येत नाही आणि घेणाराही घाईत ठरवून टाकतो. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या गाड्या सध्या भरपूर विकायला आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये इंजिनं बदलली, म्हणून त्याआधीच्याच गाड्यांबद्दल हे लिहिलं आहे.

गाडी म्हणून ती गुणी आहे. सीट उंचावर असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकावं लागत नाही, ३४१ लिटरची डिकी आहे आणि ४.७ मीटर त्रिज्येत वळत असल्याने पेठांच्या गल्ल्यांत त्रास होत नाही. कमजोरी आहे ती सुरक्षेत. गाड्यांची अपघात-चाचणी करणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत २०१९ मध्ये तिला ५ पैकी २ तारे मिळाले. २०२३ मध्ये कडक झालेल्या निकषांवर मोठ्यांसाठी १ आणि मुलांसाठी ० तारे मिळाले. खालच्या व्हेरियंटमध्ये फक्त चालकापुढे एअरबॅग आहे. नावापुढे ‘ओ’ असलेलं व्हेरियंट मिळालं तर तेच घ्या. रोज एक्स्प्रेसवे करणाऱ्या कुटुंबाने दुसरी गाडी बघावी.

इंजिनांत १.२ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल ही आमची पहिली पसंती. चार माणसं आणि एसी असताना घाटात १.० लिटरची दमते, हिला तेवढा त्रास होत नाही. १.० लिटरचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. आयडलला थोडी थरथर असणारच, पण स्टेअरिंग हातात गुणगुणत असेल तर इंजिनाचे माउंट (इंजिन धरून ठेवणारे रबर) खराब झाले आहेत.

१.० लिटर पेट्रोलची २०१९ ची गाडी असेल तर एक काम बघायला जाण्याआधीच करा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने ४०,६१८ गाड्या परत बोलावल्या. फ्युएल होज धातूच्या क्लॅम्पला घासण्याची शक्यता होती. जुलै २०२० मध्ये फ्युएल पंपासाठी आणखी एक रिकॉल झाला, त्यात १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या गाड्या होत्या. मार्च २०२४ मध्ये पंपाच्या मोटरसाठी तिसरा. चॅसिस नंबर घेऊन अधिकृत वर्कशॉपमध्ये विचारा. काम राहिलं असेल तर ते फुकट करून मिळतं. नंबर द्यायलाच विकणारा कां-कूं करत असेल तर पुढे जाऊ नका.

सीएनजी असेल तर आधी डिकी. कंपनीची किट असेल तर आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं असतं. बाहेरून बसवलेली किट आरसीवर चढवलेली नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी) दर ३ वर्षांनी लागते, त्यामुळे २०१९ च्या गाडीची २०२२ आणि २०२५ ची नोंद दिसलीच पाहिजे. डिकीतलं कारपेट उचला, सिलिंडरच्या ब्रॅकेटचे बोल्ट आणि त्याखालचा पत्रा बोटाने चाचपा. तिथे गंज धरलेला असेल तर गाडी सोडा. मग गाडी पेट्रोलवर किमान १० किलोमीटर चालवा. टाकीत नावापुरतं पेट्रोल ठेवून वर्षानुवर्षं गॅसवर पळवलेल्या गाडीचे इंजेक्टर चिकटतात, पंपही कुरकुरतो. गॅसवर गुळगुळीत आणि पेट्रोलवर मिसिंग (इंजिन अडखळणं), हे लक्षण तिथलंच.

सगळ्यात मोठा धोका टॅक्सीत राबून पांढरी पाटी लावलेल्या गाडीचा. पिवळी पाटी काढता येते, खुणा राहतात. टॅक्सीला ताशी ८० च्या वर वेग जाऊ न देणारं यंत्र बसवावं लागतं, म्हणून बॉनेटखाली कापून टेप लावलेल्या वायरी शोधा. मागच्या दारांचे हँडल आणि रबर पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेले असतात, कारण प्रवासी मागेच बसतो. मीटर ४२,००० दाखवतो आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, तर मीटर खोटा. खात्री करायची तर मालकाला सोबत नेऊन सर्व्हिस हिस्टरी काढून घ्या. प्रत्येक नोंदीला किलोमीटर असतात, आणि ते मागे जाऊ शकत नाहीत.

ठोकलेली गाडी ओळखायला दारांची रबरं खेचून आतले स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके) बघा. कारखान्यातले गोल, सारख्या अंतरावर असतात. गॅरेजमधले ओबडधोबड, वर सीलंट थापलेला. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग तुटला असेल तर पाना लागलेला आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर भाड्याने मिळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतो, ४०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे. एखाद्या दाराला टचअप झालेला असेल तर घाबरू नका, शहरातली गाडी आहे. पिलर (छताचे खांब) किंवा एप्रन (इंजिनाच्या बाजूचा आतला पत्रा) सरळ केलेला असेल तर मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन, सुगंध मारून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ धुतली जात नाही. सीटची रेल आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेले असतील तर वायरिंग पुढे छळणारच.

गाडी थंड असताना सुरू करायचं ठरवून जा. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. किल्ली फिरवली की चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. दिवा लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद केला आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला आणि वेग चढला नाही तर क्लच संपला. खड्ड्यावर पुढून टकटक येत असेल तर बहुधा सस्पेन्शनमधला लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश. खर्च किरकोळ, पण भावातून वजा करून घ्या. एजीएस (ऑटोमॅटिक गिअरची) गाडी हळू ट्रॅफिकमध्ये झटके देत असेल तर मात्र मेकॅनिकला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कागदांत एमपरिवहन ॲपवर कितवा मालक, बँकेचा बोजा आणि दंडाचं बाकी चलन बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ लागतो. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही झाल्यावर गाडीचा ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांनी एकेक प्रत ठेवावी. त्या वेळेआधीचं चलन तुमचं नाही. परराज्यातली, विशेषतः दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी आणि इथला रोड टॅक्स जोडल्यावर हिशेब करा. १ एप्रिल २०१९ आधी पासिंग झालेल्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी लागली आहे का, तेही पाहा.

विकणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं, तुम्ही ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सवलत) तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्त्यातला फरक भरावा लागेल. तो आधीच विचारून भाव ठरवा. आणि जुन्या मालकाचा फास्टॅग काचेवर तसाच राहू देऊ नका.