आठची की दहाची? आपल्या जंगलासाठी दुर्बीण घेताना

माझ्या पुतण्याला यंदा ताडोब्याच्या बफरच्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याच्या, गेटवर गाइडचं काम लागलं. पहिल्या दोन महिन्यांच्या कमाईतून दुर्बीण घ्यायची म्हणून तो माझ्याकडे आला आणि आल्या आल्या विचारलं, "काका, जास्तीत जास्त किती एक्सची येते जी?"

ताडोब्याच्या भोवतालच्या गावांतली पोरं मला दरवर्षी हेच विचारतात. मी आधी त्यांना दुर्बिणीवरचे दोन आकडे वाचायला लावतो. ८×४२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या काचेचा व्यास ४२ मिलिमीटर. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ ला तो सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ला ४.२, १०×५० ला ५, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ला फक्त अडीच. अंधार पडला की माणसाची बाहुली मोठी होते, तरुणपणी ७ मिलिमीटरपर्यंत, पन्नाशीनंतर साधारण ५ पर्यंत. दुर्बिणीचं वर्तुळ बाहुलीपेक्षा लहान असेल तर चित्र काळवंडतं. चितळ-सांबर पाण्यावर येतात नेमके त्याच वेळेला, म्हणून भर दुपारी दुकानात कितीही झकास दिसली तरी त्यावर निर्णय घेऊ नका.

हे तोंडी सांगून त्याला पटेना. मग मे महिन्यात गावामागच्या बोडीवर, म्हणजे छोट्या तळ्यावर, आम्ही चार दुर्बिणी घेऊन बसलो. माझी ८×४२, नागपूरच्या एका पक्षीमित्राची १०×४२, गुरुजींची जुनी १०×५० आणि एका पाहुण्याने दिलेली १०×२५. समोरचा काठ दीडशे पावलांवर. पावणेसातच्या सुमारास दिवस बुडाला आणि सांबराचा नर बांबूतून बाहेर आला. त्याच्या शिंगाचे फाटे मोजायचे, एवढीच परीक्षा. सांबराच्या पूर्ण वाढलेल्या शिंगाला तीन फाटे असतात, पण ते सुटे दिसले पाहिजेत.

सात वाजायच्या आतच पोरगा छोटी दुर्बीण खाली ठेवून म्हणाला, "मले काही दिसूनच नाही राह्यलं." सांबर तिथेच होतं, पण त्यात नुसता काळा गोळा झाला होता. १०×४२ सात-दहापर्यंत चालली. माझ्या ८×४२ मध्ये त्यानंतरही पाचेक मिनिटं फाटे सुटे दिसत होते, आणि सगळ्यात शेवटपर्यंत टिकली ती गुरुजींची १०×५०, वर्तुळ जवळपास माझ्याइतकंच पण चित्र दहापट मोठं म्हणून. अट एकच, ती मोहाच्या फांदीवर टेकवावी लागली. हातात धरली की फाटे थरथरत होते आणि दहा मिनिटांत दंड भरून आले. किलोभराच्या आसपासचं वजन आहे ते.

आता जिप्सीचं बघू. इंजिन चालू, पाहुणे हलतात, आणि ड्रायव्हर हळूच म्हणतो, "डावीकडे, बांबूत." दहापट दुर्बीण तुमच्या हाताचा कंपही दहापट करते. शिवाय दृश्य अरुंद होतं. हजार मीटरवर ८×४२ मध्ये साधारण १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ मध्ये ११० च्या आसपास. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण आपल्या साग-बांबूच्या जंगलात जनावर बऱ्याचदा पन्नास मीटरवर असतं. तिथे साडेसहा मीटरऐवजी साडेपाच मीटर दिसणं म्हणजे भेकराचा कान हलला ती जागा हुकणं. आठमध्ये पुढची-मागची खोलीही जास्त स्पष्ट राहते, म्हणून बांबूच्या काड्यांमधून पाहताना फोकसचं चाक सारखं फिरवावं लागत नाही. गाइडचं काम करणाऱ्याने ८×४२ च घ्यावी, हे मी छातीठोकपणे सांगतो.

दहाची बाजूही तितकीच खरी आहे, फक्त मुलूख वेगळा. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळच्या गवताळ अभयारण्यात काळवीट दूर उभं राहतं, मध्ये आड काही नसतं. गोंदियाकडे धानाच्या बांध्यांत सारस पाहायचे तर जवळ जाऊच नये, ते बिथरतात. नवेगावबांधला तलावाच्या पलीकडच्या काठावरची बदकं ओळखायची असतात. अशा ठिकाणी १०×४२ हातात असली की समाधान वाटतं. तांदूळ भरलेली छोटी पिशवी सोबत ठेवा, जिप्सीच्या दांडीवर किंवा बांधावर टेकायला तिच्याइतकं बरं काही नाही.

आणि ज्यांच्यासाठी मला सगळ्यात जास्त कळकळ वाटते ते म्हणजे जागलीला, रात्री पीक राखायला, जाणारे शेतकरी. हरभऱ्यात रोही (नीलगाय) शिरला की रानडुकरं, हे मचाणावरूनच कळलं पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेल्याचं आपण दरवर्षी ऐकतो. धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) काय हललं हे न बघता माणूस खाली उतरतो, ती घडी धोक्याची. मचाणाला टेका असतोच, वजनाचा प्रश्न येत नाही. म्हणून जागलीसाठी १०×५० किंवा ८×४०, जुन्या घाटाची, चालेल नव्हे, तीच घ्यावी. अमावास्येच्या काळोखात कुठलीच दुर्बीण एकटी काही दाखवत नाही, पण एकाने टॉर्च धरला आणि दुसऱ्याने त्या उजेडात दुर्बिणीतून पाहिलं तर धुऱ्यावरचा आकार ओळखता येतो. युरोपात उंच मचाणावर बसून हरणांची शिकार करणारे ८×५६ वापरतात ते याच कारणासाठी, सात मिलिमीटरचं वर्तुळ मिळावं म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराची शिकार बंद आहे, आणि बंदुकीवर बसवायची नळी बघण्यासाठी म्हणून विकत घेणाऱ्यांना मी नकोच म्हणतो. एका डोळ्याने पाहायचं, दृश्य चिंचोळं, आणि जंगलालगत ती पिशवीत सापडली तर उत्तरं देत बसावं लागेल ते वेगळंच.

जुना घाट म्हणजे पोरो, मधे वाकडी, खांदे रुंद असलेली. सरळ नळ्यांची ती रूफ. सात-आठ हजारांच्या आसपास पोरो त्याच किमतीच्या रूफपेक्षा उजळ आणि खोल चित्र देते, यात मला शंका नाही. रूफमध्ये तेवढंच चांगलं चित्र हवं तर बारा-पंधरा हजारांच्या पुढे जावं लागतं. मग गाइडला रूफ का सांगतो? धुळीमुळे. साध्या पोरोचं फोकस फिरवलं की डोळ्याच्या काचा जोडणारा मागचा पूल आतबाहेर सरकतो आणि उन्हाळ्यातली मोहर्लीच्या रस्त्यावरची लाल धूळ आत ओढली जाते. जिप्सीच्या पत्र्यावर एकदा जोरात आपटली तर आतला लोलक हलून दोन चित्रं दिसू लागतात. नायट्रोजन भरलेली, सीलबंद रूफ ही मारझोड सोसते. रोज वापरायची असेल तर जास्तीचे पैसे तिथे घाला.

फसवणुकीबद्दल सांगतो, कारण मी स्वतः फसलोय. ऑनलाइन मागवलेली '३०×६०' लिहिलेली घडीची दुर्बीण आली, मोजपट्टी लावली तर काच जेमतेम अडीच सेंटिमीटर. ६० म्हणजे सहा सेंटिमीटर हवी ना! विकणाऱ्याने पैसे परत केले नाहीत. मोजपट्टी तेव्हापासून माझ्या खिशात असते. लालभडक काचांचीही भुरळ पडू देऊ नका, त्या उजेड खातात. चांगल्या लेपाच्या काचेत ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हिरवट-जांभळं दिसतं, पांढरं फटक दिसलं तर लेप नाही समजा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, डोळ्याच्या काचेतलं वर्तुळ गोल दिसलं पाहिजे, चौकोनी कापल्यासारखं नको. दूरच्या विजेच्या तारेकडे पाहा, दोन तारा दिसल्या तर परत ठेवा. झूमवाल्या नको, एवढंच म्हणतो.

चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा काचेपासून जितका लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरहून जास्त आहे का ते आधी विचारा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात. स्वस्त पोरोत तो बहुधा बाराच्या आसपास असतो, त्यामुळे गुरुजींना चष्मा काढून पाहावं लागतं.

पुतण्याने शेवटी ८×४२ रूफ घेतली. पहिल्याच आठवड्यात काचेवरची धूळ त्याने दुपट्ट्याने पुसली आणि बारीक ओरखडे पाडून ठेवले. आधी रबरी पंपाने फुंकर मारायची, मग मऊ कापड, हे त्याला आता पाठ झालंय. जुलैत गाभ्याचं गेट बंद झालं की ती चामड्याच्या पेटीत ठेवायची नाही, बुरशी धरते. स्टीलच्या घट्ट डब्यात, औषधांच्या बाटल्यांत निघतात तसल्या सिलिका जेलच्या पाच-सहा पुड्या टाकून ठेवायची, आणि उघडीप पडली की सावलीत काढून वारा द्यायचा.