कुडाळजवळचं बिनबोर्डाचं गॅरेज आणि आमची ६५ सालची एमजीबी

५ पैकी ४ स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

गाडी आधी सांगतो, कारण बरेच जण विचारतात की ही हौस आली कुठून. एमजीबी म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. मावशीच्या यजमानांनी मुंबईत एका पारशी गृहस्थांकडून घेतलेली, लाल रंग, दोनच सीट, कापडी टप, तारांची चाकं. काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाने सरळ सांगितलं, पार्किंगचे पैसे मी भरणार नाही, तुला हवी तर घेऊन जा. मी घेऊन गेलो. आता ती पुण्यात असते आणि वर्षातून एकदा मालवणला गावी जाते, तेवढीच तिची दौड. यंदा भाचा सोबत होता, वय १९, त्याला वाटलं मामाची स्पोर्ट्स कार म्हणजे धमाल असणार.

धमाल आंबोलीपर्यंत होती. घाट उतरायला सुरुवात केली आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर इंजिन असं गप झालं जसं कोणी नळ बंद केला. न धूर, न आवाज. चावी बंद करून परत ऑन केली आणि कान लावला तर मागून टिकटिक येत नव्हती. एमजीबी ज्यांच्याकडे आहे त्यांना इथेच कळलं असेल. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो, एसयू कंपनीचा, उजव्या मागच्या चाकाच्या जरा पुढे खालच्या बाजूला असतो. आत एक मॅग्नेट पडदा ओढतो, पॉइंट (वीज जोडणारी-तोडणारी दोन टोकं) उघडतात, पडदा परत येतो, पॉइंट मिटतात, की परत तेच. चावी फिरवल्यावर भराभर टिकटिक होते आणि कार्बोरेटर भरले की मंदावते. टिकटिक नाहीच म्हणजे पॉइंट काजळले. यावर जगभर एकच गावठी औषध आहे, पंपाला बाहेरून ठोसा. मी रस्त्यावर आडवा झालो, भाच्याची चप्पल मागितली आणि दोन दिल्या ठेवून. टिक टिक टिक. भाचा म्हणाला मामा तू गाडीला चपलेने मारलंस? हो बाबा मारलं, बस आता.

सावंतवाडीपर्यंत अजून तीनदा मारावं लागलं. मोती तलावाजवळ चहाच्या टपरीवर एका रिक्षावाल्याने हे गॅरेज सांगितलं, म्हणाला कुडाळच्या अलीकडे हायवे सोडून आत जावा, म्हातारो मिस्त्री आसा, जुन्या गाडयेक तोच हात लावता.

गॅरेज म्हणजे काय, चिऱ्यांच्या चार खांबांवर पत्रा, एका बाजूला नारळाच्या झावळ्यांची आडोशाची भिंत, आणि बोर्ड म्हणावा तर टायरवर चुन्याने लिहिलेलं 'हवा'. नकाशावर शोधू नका, सापडणार नाही, विचारत विचारत जायचं. मिस्त्री सत्तरीच्या पुढचे असावेत. गाडी बघून त्यांनी पहिलं काय केलं तर बॉनेटला हातही न लावता मला म्हणाले, चालू कर. चालू केली. एक मिनिट डोळे मिटून उभे राहिले. मग बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि हसले. "ह्या इंजिन आमच्या अँबॅसडराचाच आसा, बोर मोठो इतक्याच."

आणि हे शंभर टक्के खरं आहे! एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन आणि आपल्या अँबॅसडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातलं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची (बीएमसी) बी सिरीज. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली दौड, दोघांचा ८८.९ मिलिमीटर, बोर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, तेवढा वेगळा. एमजीबीच्या आधी जी एमजीए होती तिच्यात तर सुरुवातीला १४८९च होतं. म्हणजे विलायतेत जे इंजिन घेऊन लोक टप उघडून फिरायला जायचे तेच इकडे सहा माणसं, वर ट्रंका आणि फणस घेऊन घाट चढायचं. मिस्त्रींनी आयुष्यभर अँबॅसडर टॅक्सी केल्यात, त्यामुळे त्यांना ही गाडी विदेशी वगैरे वाटतच नाही, त्यांच्या लेखी ती जरा नटलेली टॅक्सी.

दुसरी गोष्ट पाने. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. या गाडीचे नट इंची मापाचे आहेत आणि आजकालच्या गॅरेजमध्ये सगळे पाने मिलिमीटरचे, मग अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना लावतात, किंचित सैल बसतो, जोर दिला की नटाचे कोपरे गोल. माझ्या गाडीचे निम्मे नट असेच गोल झालेत. मिस्त्रींनी मात्र एक पत्र्याची पेटी ओढली, त्यात कापडात गुंडाळलेले जुने काळे पाने, आणि हाताखालच्या पोराला म्हणाले चार सुताचो दी, साडेतीनाचो दी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. कितीतरी वर्षांनी ऐकला हा शब्द, माझे आजोबा सुतारकामात वापरायचे.

पंप त्यांनी खाली काढून पाटावर ठेवला, अक्षरशः जेवायच्या पाटावर. काळं झाकण काढलं तर आत दोन इवलेसे पॉइंट, एक जळून मधे खड्डा पडलेला, दुसऱ्यावर त्याच आकाराचा उंचवटा, म्हणजे इकडची धातू उडून तिकडे जाऊन बसलेली. मला भिंग देऊन दाखवलं. मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर दुमडून त्यांच्यामध्ये घालून हलक्या हाताने इतक्या वेळा ओढला की मी मोजणं सोडलं, शेवटी कोरा कागद ओढून काळं निघतंय का बघितलं, निघालं, परत ओढला. नवीन पॉइंट सेट मागवा असं त्यांनी स्वतःच सांगितलं, हे वर्षभर चालेल, पुढचं सांगत नाही. माझ्या अनुभवात इतकं सरळ कोणी बोलत नाही.

पंप काढलाच होता म्हणून पेट्रोलच्या नळ्या दाबून बघितल्या तर टाकीकडची नळी लोण्यासारखी मऊ. आता आपल्याकडे पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि साठच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलंच नाही, ते फुगतं, आतून सुटतं आणि त्याचा काळा भुगा पुढे जातो. माझ्या पुढच्या कार्बोरेटरच्या सुईच्या व्हॉल्व्हमध्ये तोच अडकला होता, म्हणून मधूनमधून पेट्रोल वाहून वास यायचा आणि मी समजत होतो गाडी म्हातारी आहे म्हणून वास मारते. वर कोकणची दमट हवा, इथेनॉल पाणी धरतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी काय होत असेल विचार करा. मिस्त्रींनी पोराला कुडाळात पाठवून हल्लीच्या इंजेक्शन गाड्यांना लागणारी चांगली नळी आणवली आणि पूर्ण लाइन बदलली. त्याच झटक्यात कार्बोरेटरच्या डोक्यावरच्या पितळी टोप्या फिरवून आतल्या दांड्या ओढल्या, दोन्ही कोरड्या ठाक. तिथे पातळ तेल लागतं, पुस्तकात २० नंबरचं लिहिलंय, नसलं की एकदम पाय दिल्यावर गाडी आधी आचका देते आणि मग पळते. दोन वर्षं हा आचका मी सहन करतोय, आणि औषध निघालं दोन चमचे तेल.

आता विजेची भानगड. ब्रिटिश गाड्यांच्या लुकास कंपनीच्या वायरिंगवर विनोद पुष्कळ आहेत, अंधाराचा राजा वगैरे, पण आमच्या केसमध्ये राजा निर्दोष आहे. ६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोबर उलटं, आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. गेल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने (नाव घेत नाही, कोकणातला नव्हे) दोन्ही काढून एक बारा व्होल्टची बसवली आणि हात फिरेल तशी मायनस बॉडीला लावली, मला सांगितलंही नाही. तसं मायनस करून गाडी चालवता येते, पण डायनॅमोला ते सांगावं लागतं ना! तो आपला जुन्या दिशेनेच वीज बनवत राहिला, कटआउट (डायनॅमो आणि बॅटरीमधला आपोआप चालणारा स्विच) जळालं, चार्जिंग शून्य, आणि मी दर महिन्याला घरी चार्जर लावत बसलो. मिस्त्रींनी मीटर लावला, दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले कोणी उलटा केलान? त्यांनी बॅटरी आहे तशी ठेवली, डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडल्या, बॅटरीच्या प्लसवरून एक वायर घेतली आणि डायनॅमोच्या छोट्या एफ टर्मिनलला टुचकन टेकवली, एक ठिणगी, बस, डायनॅमोची दिशा बदलली. कॉइलच्या दोन्ही वायरींची अदलाबदल केली. कटआउटसाठी त्यांच्या भंगारात अँबॅसडरचा जुना डबा होता, त्यातले पॉइंट काढून बसवले. चालू केल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला, जो मी वर्षभर विझलेला बघितलाच नव्हता.

पण मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला माहितीये, ग्रीसचा. पुढची चाकं ज्या उभ्या पिनांवर वळतात त्या किंगपिनना एकेका बाजूला ग्रीस भरायची तीन-तीन निप्पल असतात, त्यात ३००० मैलांना ग्रीस मारायचं असतं, नाहीतर पिन सुकून झिजते आणि स्टिअरिंग जड होतं. मिस्त्री खाली गेले आणि खालूनच ओरडले, "हय कलर मारलो हा!" मी वाकून बघितलं. निप्पलवरच काळा रंग, भोक बुजलेलं, वर्षानुवर्षं तिथे ग्रीसगन लागलेलीच नव्हती, आणि माझ्याकडे 'फुल सर्व्हिसिंग, ग्रीसिंगसह' अशी तीन बिलं आहेत. हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने एकेक निप्पल खरवडला, डाव्या बाजूचा एक काही केल्या उघडेना तर तो बदलला, मग ग्रीस मारलं तेव्हा आधी तांबडं पाणी आलं, मग गंजाचा चिखल, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ ग्रीस. परत चालवली तर स्टिअरिंग एका हाताने फिरतंय. भाचा म्हणाला पॉवर स्टिअरिंग लावलं काय.

क्लच थोडा खरखरत होता, तो पण बघा म्हटलं तर सरळ नकार. एमजीबीत क्लचला हात लावायचा तर इंजिनच बाहेर काढावं लागतं, आणि क्लच दाबणारं बेअरिंग गोळ्यांचं नाही, कार्बनची चकती आहे, पाय ठेवून ठेवून गाडी चालवली की ती पेन्सिलीसारखी झिजते. त्यांनी मला विचारलं, घाट क्लचवर पाय ठेवन उतरलास? मी गप्प. "खोलूचो नाय. अजून चलतलो. पाय काढ इतक्याच." दुसरा कोणी असता तर इंजिन बाहेर काढून आठवडाभर गाडी अडकवली असती आणि बिलात एक शून्य वाढलं असतं.

जाता जाता त्यांनी जॅक लावून गाडी मधून उचलली आणि मला म्हणाले दार उघड. उघडलं, पण जरासं घासून. या गाडीला वेगळी चासी नाही, दाराखालची पोकळ पट्टी म्हणजेच कणा, ती आतून कुजली की जॅकवर गाडी वाकते आणि दार अडकतं. माझं थोडं अडकलं म्हणजे सुरुवात झालीये. मालवणला घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खारा वारा, त्यामुळे यापुढे गाडी तिथे जास्त दिवस ठेवायची नाही असं ठरलंय. जुनी गाडी विकत घ्यायला जाणाऱ्यांनी ही जॅकची परीक्षा जरूर करावी, फुकट आहे.

आता एक स्टार का कापला. वेळ. सकाळी म्हणाले दुपारपर्यंत, दुपारी एक वाजता पेजेचा डबा उघडला आणि चार वाजेपर्यंत पत्र्याखाली आडवे, मग "फाल्या (उद्या) बघूया", आणि त्यांचं फाल्या म्हणजे परवा, कारण मधल्या रात्री दशावतार होता आणि सगळं गॅरेज तिकडे. तीन दिवस गेले. बिल नाही, कागद नाही, हिशोब पाठीमागच्या चिऱ्यावर कोळशाने लिहिलेला. मजुरी ४२०० घेतली, नळ्यांचे वेगळे, पैसे रोख. ओरिजिनल वायरिंगला रंगाचे कोड असतात, यांनी जिथे जोड दिला तिथे हाताला आली ती पिवळी वायर, उद्या दुसरा माणूस उघडेल तर त्याला काय कळणार. बॅटरीच्या झाकणाचे दोन स्क्रू हरवले. आणि एका ठिकाणी एमसील लावलंय, कुठे ते मी सांगणार नाही, मला स्वतःलाच लाज वाटते.

पेंट, टप, क्रोम, सीट यातलं काही इथे नेऊ नका, तो त्यांचा विषयच नाही. इंजिन, पेट्रोल, करंट, ग्रीस यासाठी डोळे मिटून जा. पार्ट स्वतः घेऊन गेलात तर उत्तम. लोकांना वाटतं एमजीबीचे पार्ट मिळत नाहीत, तसं अजिबात नाही, १९६२ ते १९८० मध्ये पाच लाखांवर गाड्या बनल्या, इंग्लंडमध्ये अजून जवळजवळ सगळं नवीन बनतं, अख्खी बॉडीसुद्धा १९८८पासून नवी मिळते. कस्टम ड्युटी आणि वाट बघणं तेवढं आपलं. मी पंपाचा पॉइंट सेट मागवलाय, आला की मे महिन्यात परत जाईन.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत पोचा, फोन उचलत नाहीत. आणि गाडी माडाखाली लावू नका. मी कापडी टपाची गाडी घेऊन सावली बघून नेमकी माडाखाली लावली होती, मिस्त्रींनी आधी वर बघितलं, मग माझ्याकडे, एक अस्सल मालवणी शिवी हासडली आणि आम्हा दोघांना उतरवून गाडी ढकलत उन्हात आणायला लावली.