अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग कोर्सचे निकाल-तक्ते: परीक्षेचा रकाना भक्कम, नोकरीचा अर्धवट

अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला प्रशिक्षक नव्हे. दुखापतीची तपासणी, मैदानावरचे तातडीचे उपचार, पुनर्वसन ही त्याची कामं. या शिक्षणाला मान्यता देणारी सीएएटीई ही संस्था प्रत्येक कोर्सला चार आकडे जाहीर करायला लावते: किती विद्यार्थी टिकले, किती पदवीधर झाले, बीओसी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात किती पास झाले आणि सहा महिन्यांत किती जण कामाला लागले. तक्ता कोर्सच्या मुख्य पानावर असतो, नाहीतर तिथे त्याची थेट लिंक असते. प्रवेश घेणाऱ्याला अशी माहिती फुकट मिळणं ही खरंच मोठी सोय आहे. फक्त ती वाचता यायला हवी.

परीक्षेचा रकाना सगळ्यांत भरवशाचा, कारण निकाल कोर्स ठरवत नाही, बीओसी ठरवते. 175 प्रश्न, चार तास, 200 ते 800 च्या मापावर 500 ला पास. तीन वर्षांचा एकत्रित निकाल 70 टक्क्यांखाली गेला की कोर्सला कारणांचं विश्लेषण आणि सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. ‘एकत्रित’ हा शब्द इथे महत्त्वाचा. समजा, एका वर्षी 4 पैकी 4 पास, पुढे 10 पैकी 6, मग 10 पैकी 8. टक्क्यांची सरासरी काढली तर 80 येते. खरा हिशोब 24 पैकी 18, म्हणजे 75. तुकड्या लहान असतात, सहा जणांत एक नापास झाला तरी निकाल जवळपास 17 टक्क्यांनी घसरतो. म्हणून एका वर्षाच्या शंभर टक्क्यांवर भाळू नये, टक्क्यांशेजारची विद्यार्थीसंख्या आधी बघावी.

दुसरी फसगत गळतीची. दहा जणांनी प्रवेश घेतला, तीन मध्येच सोडून गेले, उरलेले सातही पास झाले. परीक्षेच्या रकान्यात 100 टक्के, पण प्रवेश घेतलेल्यांपैकी प्रमाणपत्रापर्यंत पोचले सातच. टिकून राहण्याचा आकडा शेजारी धरल्याशिवाय निकालाला अर्थ नाही.

नोकरीचा रकाना मात्र कमकुवत. त्यात तीनच वर्ग: अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणून नोकरी, इतर नोकरी, नोकरी नाही. दहांपैकी सहा पहिल्या वर्गात आणि तीन दुसऱ्यात असले, तरी माहितीपत्रकात ‘90 टक्के नोकरीला’ असं छापता येतं. तुमच्या कामाचा आकडा 60 हाच. पगार किती, नोकरी पूर्णवेळ की तात्पुरती, शाळेत की रुग्णालयात की सैन्यात, यातलं काही या वर्गांतून कळत नाही. शिवाय सहा महिन्यांची मुदत पहिल्या प्रयत्नात नापास झालेल्याला फार तोकडी पडते. परीक्षेची पुढची फेरी, निकाल, मग राज्याचा परवाना; बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय काम करता येत नाही. त्यामुळे निकाल आणि नोकरी दोन्ही रकाने एकदमच पडलेले दिसले तर दोष नोकऱ्यांच्या बाजारात न शोधता आधी परीक्षेच्या तयारीत शोधावा.

जुने आकडे तपासताना आणखी एक जपा. हे शिक्षण आता पदव्युत्तर पातळीवर गेलं आहे. पदवीच्या कोर्समधला शेवटचा प्रवेश 2022 च्या शरद सत्राचा. त्या काळचा तक्ता शेजारी असेल तर दोन्ही मिसळू नका, विद्यार्थीही वेगळे आणि अभ्यासक्रमही.

नोकरी देणारा गुणपत्रिकेइतकंच क्लिनिकल कामाकडे बघतो, आणि त्याबद्दल हे चार आकडे गप्प आहेत. किमान चार आठवडे सलग पूर्णवेळ क्लिनिकल अनुभव सक्तीचा आहे. तो कुठे मिळतो हे कोर्सच्या संचालकांना ईमेलने विचारा. त्याच ईमेलमध्ये ‘इतर नोकरी’त गेलेले नेमके काय करतात आणि सोडून गेलेल्यांनी अभ्यासामुळे सोडलं की खर्चामुळे, हेही विचारा. उत्तर तुकडीनिहाय आणि संख्येत मागा, टक्क्यांत नको.